छोटीच्या प्रश्नाचं उत्तर, जरा लांबलेलं

ती. बाबा आणि ती. आई यांना सा. नमस्कार,
चि. छोटीला अनेक आशीर्वाद.

पत्र आलं म्हणून दचकू नका, मी खुशाल आहे. छोटीने परवा रात्री मेसेजवर एक प्रश्न विचारला. दोन ओळी खरडून वेळ मारून न्यावी असा तो नव्हता. शिवाय उत्तरातला काही भाग बाबांसाठी आहे आणि काही आईसाठी. तिघांना तीन तुकडे पाठवले की घरात लगेच ‘तुला काय म्हणाली, मला काय म्हणाली’ सुरू होतं. त्यापेक्षा एकच लांबलचक पत्र बरं. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, पण मध्ये थांबून स्वतःचं भाष्य घालू नका.

छोटे, तू विचारलंस, “ताई, मेहनत करून माणूस खरंच बदलतो, की ज्यांचं मुळातच जमणार असतं त्यांचंच जमतं आणि मग ते मेहनतीच्या नावाने भाषणं करतात?” परीक्षेत थोडक्यात राहिल्यावर हे कुणालाही वाटेल. त्यावर घरात काय बोलणं झालं असेल ते मला इथे बसून ऐकू येतंय. बाबा म्हणाले असतील, “प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.” आई म्हणाली असेल, “पुरे झालं आता, आधी तब्येत बघ.” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण तू विचारलंस ते बाजूलाच राहिलं.

माझं उत्तर असं, की माणूस बदलतो. अगदी डोक्याच्या आतून बदलतो. तुझी समजूत घालायला म्हणत नाहीये, हे मोजून पाहिलेलं आहे.

लंडनमध्ये काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल तर शहराच्या मध्यावरच्या चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ असावे लागतात. परीक्षकासमोर बसायचं आणि नकाशा न बघता, इथून तिथे कसं जाल ते वळणावळणाने सांगायचं. या अभ्यासाला ते नुसतं ‘नॉलेज’ म्हणतात आणि त्यात तीन-चार वर्षं सहज जातात. हँडलवर नकाशा अडकवून भर पावसात मोपेडवरून गल्लीबोळ पालथे घालणारी माणसं दिसली की समजायचं, नॉलेजवाले. एलिनॉर मॅग्वायर या संशोधिकेने २००० साली दाखवून दिलं की या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे वाटा आणि जागा लक्षात ठेवायला लागणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. त्यावर तुझ्यासारखीच शंका निघाली: ज्यांचा तो भाग मुळातच मोठा, तेच या धंद्यात टिकत असतील! मग मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट यांनी शिकाऊ उमेदवारांनाच गाठलं. ७९ जणांचे सुरुवातीला स्कॅन काढले आणि काही वर्षांनी पुन्हा काढले. सुरुवातीला सगळ्यांचे मेंदू सारखेच होते. ३९ जणांना परवाना मिळाला आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला. ज्यांना मिळाला नाही त्यांच्यापैकी २० जण पुन्हा तपासणीला आले, त्यांच्यात तशी वाढ नव्हती. हे सगळं २०११ साली प्रसिद्ध झालं.

आता यातली गैरसोयीची बाजूही सांगते, कारण ती नाही सांगितली तर तू स्वतःच शोधून काढशील आणि माझ्यावर डाफरशील. पास झालेल्यांनी आठवड्याला इतरांच्या जवळजवळ दुप्पट वेळ अभ्यासाला दिला होता. तेवढा वेळ कुणाला मिळाला आणि कुणाला का नाही मिळाला, कुणाच्या घरी लहान मूल होतं, कुणाची दुसरी नोकरी चालू होती, हे स्कॅनमध्ये दिसत नाही. काहींचा मेंदू जन्मतःच जास्त घडवता येण्याजोगा असेल का, हा प्रश्नही त्या दोघींनी उघडा ठेवला आहे. तरी एवढं नक्की, की प्रौढ वयात, रोजच्या अभ्यासाने, मोजता येईल इतका फरक पडतो.

मला मात्र हे पटायला स्कॅनची गरज नव्हती. मी रोज सकाळी तेच बघते.

माझ्या वॉर्डात बहुतेक पक्षाघाताचे रुग्ण असतात. त्यातल्या एका आजोबांबद्दल सांगते, नाव-गाव सांगणार नाही. उजवी बाजू गेलेली, बोलणं ठीक, डोकं तल्लख आणि स्वभाव बाबांसारखा, म्हणजे कुणाची मदत घ्यायची नाही. त्यांना एकच गोष्ट हवी होती: शर्टाची बटणं स्वतःची स्वतः लावायची. आमच्याकडे नऊ भोकांची एक पाटी असते आणि नऊ बारीक खुंट्या. एका हाताने एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची, मग एकेक करून काढून परत ठेवायची, आणि स्टॉपवॉच चालू. धडधाकट माणूस वीसेक सेकंदांत मोकळा होतो. आजोबांची पहिली खुंटीच अंगठा आणि तर्जनीच्या मधून निसटून बोटाच्या कडेला अडकायची. ती सरळ करायला ते डावा हात पुढे करायचे आणि मी तो हात धरून मांडीवर ठेवायचे. खूप शिव्या खाल्ल्यात मी त्या काळात. सभ्य भाषेतल्या, पण शिव्याच.

डावा हात का धरायचा? झटका आल्यावर सुरुवातीला दुबळा हात वापरून बघितला की काहीच होत नाही, आणि चांगल्या हाताने काम भागतं. हे पुन्हा पुन्हा घडलं की मेंदू दुबळ्या हाताचा नाद सोडून देतो. पुढे त्या हातात थोडी ताकद परत आली तरी माणूस तो वापरत नाही, कारण न वापरण्याचीच सवय झालेली असते. एडवर्ड टॉब या शास्त्रज्ञाने हे ओळखलं आणि उलटा उपाय काढला: चांगल्या हाताला जाड मोजा घालून तो अडवून ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडूनच कामं करून घ्यायची. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, दोन आठवडे असं करणाऱ्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला आणि तो फरक वर्षानंतरही टिकून होता. मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल शिल्लक असेल, अशांनाच त्या चाचणीत घेतलं होतं. ही अट लक्षात ठेव, पुढे बाबांशी बोलताना ती लागणार आहे.

पण आजोबांकडून मी जे शिकले ते मोज्याबद्दल नव्हतं. टेबलावरचा पेला उचलायला सांगितला की ते दात-ओठ खाऊन, घामाघूम होऊन तो उचलायचे. बघणाऱ्याला वाटावं, वा, काय जिद्द आहे! प्रत्यक्षात कोपर जागचं हललेलंच नसायचं. खांदा कानापर्यंत वर, पाठ पुढे झुकलेली, सगळं अंग पेल्यापाशी गेलेलं, आणि हात तसाच आखडलेला. काम झालं, मेहनतही झाली, पण ज्या हालचालीसाठी हा खटाटोप होता ती झालीच नाही. असं शंभर वेळा केलं तर शंभर वेळा खांदा उचलण्याचा सराव होतो. मग मी पेला अलीकडे आणला, त्यांची पाठ खुर्चीला टेकवली आणि खांद्यावर माझा तळवा ठेवला. आता अंतर इतकं कमी की लाज वाटावी, पण कोपर सरळ केल्याशिवाय हात पोचणार नाही. तेव्हा कुठे पहिल्यांदा कोपर दोन बोटं उघडलं. आजोबांना ती हार वाटली. काल पेला ओठांपर्यंत गेला होता, आज टेबलावरच राहिला, मग प्रगती कसली?

छोटे, मला तुझं हेच विचारायचंय. तुझा खांदा कुठला?

आगाऊपणा वाटेल, पण मागच्या खेपेला घरी आले होते तेव्हा तुझ्या नोट्स बघितल्या होत्या. पिवळं, गुलाबी, हिरवं, सगळी पानं रंगपंचमी झालेली. पाचव्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले. काहींनी एकदा वाचून मिटवले आणि आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले होते, आणि बरेच पुढे. गंमत म्हणजे वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास जास्त होता. आठवून लिहिताना काय येत नाही ते तोंडावर आपटतं, अपमान झाल्यासारखं वाटतं, म्हणून कुणाला ते नको असतं. पाच तास रंगवण्यापेक्षा अर्धा तास पुस्तक मिटून लिही. संध्याकाळी दमल्यासारखं कमी वाटेल, आणि बाबांना तू कमी अभ्यास करतेस असं वाटेल. त्यांना मी बघते.

बरं, असं नीट काम केलं तरी प्रगती रोज दिसते का? नाही दिसत. इथेच बहुतेक जण सोडतात. १८९७ साली विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी तारायंत्र शिकणाऱ्यांचा आठवड्या-आठवड्याचा वेग मोजला होता. तार पाठवण्याचा वेग हळूहळू चढत जायचा. तार ऐकून घेण्याचा वेग मात्र थोडा चढून एका जागी ठप्प व्हायचा, आठवडेच्या आठवडे, आणि मग एकाएकी उसळी मारायचा. त्यांचं म्हणणं असं, की त्या थांबलेल्या काळात शिकणारा सुटी कडकट्ट-कडकट्ट अक्षरं ऐकत नसतो. अक्षरांचे शब्द होऊ लागलेले असतात, पण ते अजून पक्के झालेले नसतात. ते झाले की वेग एकदम वाढतो. अंगमेहनतीतही असंच होतं. वजनं उचलायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जातंतूंच्या कामगिरीमुळे. दंडाचा घेर वाढलेला दिसायला नंतर बराच काळ लागतो. आरशावर विश्वास ठेवणारे त्याआधीच जिम सोडून गेलेले असतात.

आता बाबा. तुमच्या त्या वाळूच्या कणांबद्दल.

मूळ श्लोक भर्तृहरीचा, मराठी केलं वामन पंडितांनी, आणि आपण सगळ्यांनी फक्त पहिला चरण पाठ केला. पुढे मृगजळ पिऊन तहान भागते, रानात हिंडून सशाचं शिंगही सापडतं, आणि शेवटी येतं की हे सगळं एक वेळ होईल, पण मूर्खाचं मन काही वळवता यायचं नाही. म्हणजे वाळूतून तेल काढणं हे तिथे अशक्य गोष्टीचं उदाहरण आहे! शाळेच्या भिंतीवर आपण ते मेहनतीचं ब्रीद म्हणून रंगवून ठेवलं. तुम्ही रागावू नका, मीही कित्येक निबंधांची सुरुवात त्यानेच केली आहे.

पण मुद्दा उरतोच. काही ठिकाणी खरोखरच वाळू असते. माझ्या काही रुग्णांच्या बोटांत हालचालीचा अंशही परतत नाही, आणि त्यांनी प्रयत्न कमी केले म्हणून तसं झालं असं जो म्हणेल त्याला मी वॉर्डात पाऊल ठेवू देणार नाही. २०१४ साली मॅकनमारा, हॅम्ब्रिक आणि ऑस्वाल्ड यांनी सरावावरची कितीतरी संशोधनं एकत्र करून पाहिली. माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक असतो, त्यातला किती भाग पद्धतशीर सरावाने समजावता येतो? बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८ आणि शिक्षणात अवघा ४. बाकीच्यात सगळं आलं: सुरुवात कधी केली, शिकवणारा कोण मिळाला, अंगची जाण, तब्येत, घरचं वातावरण, त्या दिवशीचं नशीब. ‘मेहनत करणाऱ्याला यश मिळतंच’ हे वाक्य त्यामुळे मला निष्ठुर वाटतं. त्याची दुसरी बाजू अशी होते, की ज्याला मिळालं नाही त्याने मेहनत केलीच नसणार.

छोटे, तू म्हणशील, मग टॅक्सीवाल्यांची गोष्ट कशाला सांगितलीस? कारण हे दोन हिशेब वेगळे आहेत. मी शेजारच्यापेक्षा पुढे का किंवा मागे का, हा एक हिशेब, आणि त्यात मेहनतीचा वाटा मर्यादित आहे. सहा महिन्यांपूर्वीच्या माझ्यापेक्षा मी आज पुढे आहे का, हा दुसरा. त्या आकडेवारीने पहिला तपासला, दुसऱ्याला हातही लावलेला नाही. तुझी परीक्षा पहिल्या हिशेबाची आहे. जागा मोजक्या, रांग लांब, कुणीतरी राहणारच. वाढ मात्र दुसऱ्या हिशेबात लिहिली जाते. मागच्या वर्षी तुला सरकारी अहवालाचं एक पान समजायला तासभर लागायचा आणि तू रडकुंडीला यायचीस. परवा तू फोनवर मला अर्थसंकल्पातली तूट समजावून सांगितलीस, ती मला समजली, आणि मला आकड्यांचं वावडं आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. निकालपत्रावर याचा रकाना नसतो.

परीक्षा पुढे द्यायची की नाही हे मी ठरवणार नाही, बाबांनीही ठरवू नये. फक्त निकालाच्या आठवड्यात ठरवू नकोस. पुढच्या प्रयत्नाला बसायच्या आधीच, डोकं शांत असताना, लिहून ठेव की कशावरून थांबायचं. माझ्या मते बघायचं ते हे, की चुका बदलतायत का. नव्या चुका होत असतील तर तू पुढे सरकते आहेस. पद्धत बदलूनही तीच चूक त्याच जागी बसून असेल तर शिकवणारा बदल, वाट बदल, आणि तेही करून झालं असेल तर उठ. धरसोड म्हणजे कंटाळा आला की सोडणं. पुरता विचार करून उठलेल्याला त्या नावाने हिणवू नये.

चिकाटीबद्दल माझं आणखी एक मत आहे, आणि ते बाबांनीच मला लहानपणी सांगितलेल्या गोष्टीतून आलं आहे. बाबा, तुम्ही पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातल्या महाभारताच्या कामाबद्दल सांगायचात. देशभरातल्या हस्तलिखितांतून शक्य तितका जुना पाठ निश्चित करायचं काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. १,२५९ हस्तलिखितं त्यासाठी जमवली होती. १९२५ पासून मुख्य संपादक असलेले विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ साली गेले. पुढे बेलवलकर, मग वैद्य, अशी धुरा हातोहात गेली. लहानपणी मला यातलं फक्त ‘४७ वर्षं’ एवढंच थोर वाटायचं. आता थोर वाटतो तो त्यांचा कागद. आडव्या-उभ्या रेघा मारून चौकटी पाडलेला. वरच्या ओळीत श्लोकाचं एकेक अक्षर एकेका चौकटीत. खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ, आणि जिथे अक्षर वेगळं असेल तिथेच, त्याच चौकटीखाली ते लिहायचं. उजवीकडे शेऱ्यांसाठी जागा. एकाने नोंदवलेलं दुसऱ्याने तपासायचं.

अशा कागदासमोर बसणाऱ्याला रोज सकाळी जिद्द पेटवावी लागत नाही. काल बोट कुठे थांबलं ते दिसतं, आज पुढची चौकट. माणूस उदास असो, आनंदात असो, सर्दीने बेजार असो, चौकटीला काही घेणं नसतं. आणि चूक झाली तर पकडायला दुसरा माणूस आहेच. आपल्याकडे चिकाटी म्हटलं की कपाळावर आठ्या आणि मुठी आवळलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. मी वॉर्डात बघितलेले मुठी आवळणारे तिसऱ्या आठवड्यात गळतात. ज्यांच्या पलंगाजवळ साधा तक्ता लावलेला असतो आणि खुणा करायला घरचं कुणीतरी असतं, ते टिकतात.

खाडा झाला तर? होऊ दे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर सवयी कशा लागतात ते पाहिलं. सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ पडतील असा त्यांचा अंदाज होता. एखादा दिवस चुकल्याने सवयीचं फारसं बिघडलं नाही. ‘२१ दिवसांत सवय’ वगैरे सांगणाऱ्यांना हे कुणीतरी कळवायला हवं.

आई, आता तुझा भाग. तू ‘झोप आधी’ म्हणतेस ना, त्यात शास्त्र तुझ्या बाजूने आहे. ‘दहा हजार तास सराव केला की माणूस तरबेज होतो’ हे जे सगळीकडे ऐकू येतं, ते आलं अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासातून. बर्लिनच्या संगीत अकादमीतले उत्तम व्हायोलिनवादक विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तासांवर पोचले होते. सरासरी म्हणजे काहींचे कमीही होते, आणि तो आकडा म्हणजे नियम नव्हे, असं एरिक्सन पुढे वारंवार सांगत राहिले. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, ती कुणी पोस्टरवर छापत नाही: हे उत्तम वादक इतरांपेक्षा जास्त झोपायचे आणि दुपारी डुलकीही काढायचे. सराव तास-दीड तासाच्या तुकड्यांत, मध्ये विश्रांती. एवढ्या एकाग्रतेने माणूस दिवसाला चारेक तासांवर फार काळ काम करूच शकत नाही. त्यामुळे छोटी चौदा तास टेबलाशी बसते हे बाबा अभिमानाने सांगतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. त्यातले दहा तास पाट्या टाकणं असणार.

आणि चार तास एकाग्र बसायलाही कुणीतरी बाकीचं घर सांभाळावं लागतं. छोटे, तुझ्या मेहनतीच्या हिशेबात आईचे तास धर. आजोबांच्या पलंगाजवळचा तक्ताही त्यांची बायको भरायची, रोज दोन बसेस बदलून येऊन.

आजोबा आता घरी गेलेत. वरचं बटण अजून लागत नाही, खालची चार लागतात, आणि वरचं उघडंच छान दिसतं असं त्यांनी ठरवून टाकलं आहे. नऊ खुंट्या सगळ्या बसतात, पण वेळ मी सांगणार नाही, त्यांनी मना केलंय.

तर आता कामाचं. छोटे, मागच्या दोन सराव-उत्तरपत्रिकांचे फोटो पाठव, न सजवता. प्रत्येक चुकलेल्या उत्तरापुढे एवढंच लिही: आठवलं नाही, समजलं नव्हतं, की वेळ पुरला नाही. तीन वेगळ्या दुखण्यांना एकच औषध चालत नाही. बाबा, तुम्ही महिनाभर ‘किती तास झाले?’ हा प्रश्न बंद ठेवा. विचारायचंच असेल तर ‘आज काय अडलं?’ असं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या, लगेच उपाय सांगू नका. जमेल?

आणि आई, छोटीची काळजी करताना तू स्वतःच्या गुडघ्याचे व्यायाम सोयीस्करपणे विसरतेस, हे मला बाबांकडून कळलंय. खुर्चीतून उठायचं-बसायचं, दोन्ही हात छातीशी, दिवसातून दोनदा. रविवारी व्हिडिओ पाठव. त्यात हात खुर्चीला टेकलेला दिसला तर मी पुन्हा करायला लावणार आहे.

तुमची,
ताई